क्लाइव्ह पेंडलबरीच्या हाताचे माप

वॉरंबीन गावातल्या एकाही दुकानदाराला क्लाइव्ह पेंडलबरी कधी विशेष आवडला नाही, आणि यात क्लाइव्हचा तसा काही दोष नव्हता. एकतीस वर्षे तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. खाटकाचा काटा, पेट्रोल पंपाचा आकडा, दारूच्या गुत्त्यातला पेला, सगळ्यांसमोर त्याने कधी ना कधी आपली पितळी वजनांची पेटी उघडलेली. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी तो बेकरीत शिरला की बेकरीवालीचा हात आपोआप काट्यावरचे पीठ झटकायला जाई.

या नोकरीने त्याला पेन्शन दिले, कंबरदुखी दिली आणि एक श्रद्धा दिली. माप चुकले की आधी काटा तपासावा. माणूस बिचारा काय, असतो तसा असतो.

आता ही श्रद्धा भाजीच्या दुकानात ठीक आहे. पण क्लाइव्ह दर शनिवारी गावाबाहेरच्या पिस्तूल क्लबात जात असे, आणि तिथे ही श्रद्धा माणसाचा घात करते. पंचवीस मीटरवर कागदाचा काळा गोल, डावा हात खिशात, उजवा हात सरळ समोर, आणि दहा गोळ्या. शंभरपैकी क्लाइव्हला ऐंशी-एक्याऐंशी गुण मिळत. नऊ वर्षे तेवढेच मिळत होते. क्लबाच्या संघात माणसे चार, आणि क्लाइव्हचा क्रमांक नऊ वर्षे पाचवा.

पाचव्याचे काम ठरलेले होते. सामन्याच्या दिवशी, आणि एरवीही शनिवारी, सॉसेजसाठी पावाला लोणी लावायचे. क्लाइव्ह लोणी फार समान लावी. एका कापाला जास्त नाही, एकाला कमी नाही, कडेपर्यंत बरोबर. क्लबात त्याबद्दल त्याला मान होता. पण माणसाला मान हवा असतो एका गोष्टीबद्दल आणि मिळतो दुसऱ्याच, त्याला काय करणार?

दर वर्षी जूनच्या शेवटच्या शनिवारी शेजारच्या कूलाबरा गावाशी सामना असे. बक्षीस म्हणजे पोचे पडलेली ॲल्युमिनियमची किटली. तिच्यात चहा केला तर गळेल अशी तिची अवस्था. तरी ती अकरा वर्षे कूलाबराच्या कपाटात होती आणि वॉरंबीनकरांना ते बोचत होते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी चहाच्या वेळी नोला गिलख्रिस्टने विषय काढला. नोला अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चर्चमधली फुले तिच्याकडे, क्लबातला केक तिच्याकडे, आणि संघातली चौथी जागा कधीपासून तिच्याकडे होती हे कुणाला नीट आठवतही नव्हते. स्वतःचे पिस्तूल तिने कधी घेतले नाही. क्लबाच्या कपाटातले तीन नंबरचे पिस्तूल, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेले, तेच ती वापरी आणि ब्याण्णवच्या खाली क्वचित येई.

"डॉक्टर म्हणतात, डोळ्यातला मधला भाग चाललाय," केक कापता कापता ती म्हणाली, जणू काही पडवीतली एखादी फळी सुटली असावी. "कडेकडेचं दिसतं अजून. पण काळा गोल काही कडेला येऊन बसत नाही. तेव्हा माझी जागा आता क्लाइव्हची."

"क्लाइव्हची?" क्लबाचा सचिव बेव्हन म्हणाला.

एकच शब्द होता. पण क्लाइव्हला तो पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिला, विशेषतः दात घासताना.

"नऊ वर्षं लोणी लावतोय तो," नोला म्हणाली. मग केकची बशी पुढे करत हळूच, फक्त क्लाइव्हला ऐकू जाईल असे म्हणाली, "माझ्या जागेवर बसतोयस, राजा. सांभाळ हं ती."

घरी जाताना क्लाइव्हने गाडीत हिशोब केला. ब्याण्णवच्या जागी एक्याऐंशी. नोलाने विश्वासाने दिलेली जागा, आणि आपण तिथे जाऊन गावाचे हसू करणार. रात्री तो विचार करत पडला आणि पहाटेपर्यंत त्याच्या श्रद्धेने त्याला मार्ग दाखवला. दोष काट्याचा होता. नऊ वर्षे आपण क्लबाच्या उसन्या, झिजलेल्या पिस्तुलांवर नेम धरतोय. आपले खरे माप अजून कुणी घेतलेलेच नाही.

त्याने निवडलेले पिस्तूल परदेशी होते. त्याचा घोडा केसाने दाबला तरी दबेल इतका हलका, वजन पुढेमागे सरकवायची सोय, आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने घडवून मिळणार. क्लाइव्हने माहितीपत्रक बायकोसमोर ठेवले. मॉरीनने ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

"मूठ तुझ्या हाताच्या मापाची," ती म्हणाली.

"अचूक मापाची."

"आणि चौतीस वर्षं मी ज्या सुरीने बटाटे सोलतेय, ती कुणाच्या हाताच्या मापाची आहे?"

"मॉरीन, बटाट्याला गुण नसतात."

"तुझ्या पोटात गेल्यावर नसतात," मॉरीन म्हणाली आणि पत्रक घडी करून त्याच्या हातात दिले. चौतीस वर्षांच्या संसारात याला होकार म्हणतात.

तर परवानगीचा अर्ज झाला. नऊ वर्षे शिस्तीत नेमबाजी करणाऱ्या माणसालाही स्वतःचे पहिले पिस्तूल घेण्याआधी चार आठवडे थांबावे लागते. सरकारची इच्छा अशी की माणसाने थंड डोक्याने विचार करावा. क्लाइव्हचे डोके थंडच होते. घरात ठेवायला तिजोरी हवी, ती भिंतीला आतून बोल्टने जखडलेली हवी, आणि पोलिसांनी येऊन ती पाहायला हवी, इथपर्यंतही त्याची हरकत नव्हती. नियम करणाऱ्यांच्या जातीतलाच तो. नियमांचा त्याला लळा होता.

अडचण एवढीच की घर लाकडी. भिंती फळ्यांच्या, तळाची जमीन लाकडी खुंटांवर.

शेजारचा फाउस्तो कुंपणावर कोपर टेकून उभाच होता. फाउस्तोने आयुष्यभर घरे बांधली होती आणि निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या घरांविषयी मते बांधत होता.

"तिजोरी कुठे बसवणार?"

"चादरींच्या कपाटात. मागची भिंत भक्कम आहे."

"कोण म्हणतं?"

"घर घेताना दलाल म्हणाला होता."

फाउस्तोने आकाशाकडे पाहिले आणि हातोडा आणायला गेला. भिंत भक्कम आहे की नाही हे बघायचा त्याच्याकडे एकच उपाय होता. पहिला ठोका फळीवर बसला. दुसरा फळीच्या आत गेला. तिसऱ्याला क्लाइव्ह "जरा थांब, मी धरतो" म्हणाला आणि त्याने उजवा हात पुढे केला.

फाउस्तोचे म्हणणे असे की मी ठोका आधी मारला आणि हात नंतर आला. क्लाइव्हचे म्हणणे वेगळे होते, पण ते त्याने दात आवळून मांडल्यामुळे कुणाला नीट समजले नाही. संध्याकाळपर्यंत अंगठ्यापासून मनगटापर्यंत हात पावासारखा फुगला.

आणि नेमके दुसऱ्याच दिवशी मुठीचे माप पाठवायचे होते. हात कागदावर सपाट ठेवायचा आणि पेन्सिलीने भोवती रेघ ओढायची. दुसऱ्या कुणी अंदाजपंचे ओढली असती. क्लाइव्हने सरकारी नोकरीतला जबडेवाला कॅलिपर काढला, प्रत्येक बोटाची जाडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजली, दोनदा मोजली, आकडे तारखेसह लिहिले आणि खाली सही केली. इतके काटेकोर माप त्या कारखान्याकडे याआधी आले नसेल.

भिंतीच्या भोकातून मात्र वेगळेच काही बाहेर आले. फाउस्तोने मूठभर भुसा हातावर घेऊन क्लाइव्हच्या नाकाखाली धरला. भुसा चालत होता.

"वाळवी," फाउस्तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होते, पण आतून कुठेतरी तो सुखावलाही होता. "नुसती तिजोरी लावली असतीस, तर एक दिवस तिजोरी राहिली असती आणि घर गेलं असतं. माझे आभार मान."

वाळवीचा माणूस आला. तो फळ्यांवर टकटक करत कपाटापासून न्हाणीघरापर्यंत गेला आणि वाटेत तीनदा "हं" म्हणाला. मग सुतार आला, मग सुताराला हवे तसे लाकूड मिळेना म्हणून तो गेला. मॉरीनच्या घरातल्या सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि आईने दिलेला कशिद्याचा टेबलक्लॉथ जेवणाच्या टेबलावर येऊन बसले. पेंडलबरी नवराबायको मार्चपासून मेपर्यंत मांडीवर बशी घेऊन जेवले.

मधेच तिजोरी पाहायला पोलीस ठाण्यातून सीनियर कॉन्स्टेबल ट्रान आली. क्लाइव्हने तारीख बदलून मागितली होती, पण त्याचे पत्र बहुधा तिच्यामागून येत असावे. तरुण, शांत मुलगी. वही उघडून ती कपाटापाशी उभी राहिली. भिंतीच्या जागेतून समोर फाउस्तोच्या कोंबड्या दिसत होत्या.

"तिजोरी कुठे आहे, मिस्टर पेंडलबरी?"

"यायची आहे."

"आणि भिंत?"

"तीही यायची आहे."

तिने वहीत काहीतरी लिहिले. एक कोंबडी आत डोकावली. लोकांच्या त्रुटी वहीत टिपण्यात आयुष्य घालवलेल्या क्लाइव्हला पहिल्यांदाच कळले की समोरच्या वहीत काय लिहिले जातेय हे उलटे वाचता येत नाही.

आता कुणी विचारील, या साऱ्या गडबडीत सराव कधी होत होता? तर होत नव्हता. क्लाइव्हने तो विचारपूर्वक बंद ठेवला होता. नवे पिस्तूल येणार. मग जुन्यावर नेम धरून हाताला भलते वळण कशाला लावायचे? फेब्रुवारीपासून त्याने एकही गोळी झाडली नाही. क्लबात मात्र तो शनिवार चुकवत नसे. माहितीपत्रक दाखवी, वाळवीची हकीकत सांगी, पावाला लोणी लावी आणि स्वयंपाकघरातल्या वहीत सही करून घरी येई. उपासाच्या दिवशी फराळाचीच तयारी फार व्हावी आणि देवापुढे दिवा लावायचा राहून जावा, तसे त्याचे चालले होते, आणि ते त्याच्या गावीही नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भिंत उभी राहिली. फाउस्तोने तिजोरी जखडली. ट्रान पुन्हा आली, तिने तिजोरी दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि पहिल्यांदा हसली. पिस्तूल दुकानात येऊन पडल्याचा निरोप आला. आणि त्याच दिवशी संध्याकाळी बेव्हनचा फोन आला.

"क्लाइव्ह, तुझ्या हजेऱ्या सहाच भरतात."

"कसल्या सहा? मी दर शनिवारी येतो."

"येतोस रे. पण मैदानाच्या नोंदवहीत फेब्रुवारीपासून तुझी सही नाही. सगळ्या सह्या स्वयंपाकघरात आहेत."

क्लाइव्हने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सहा महिन्यांत दहा लागतात, तुला माहीत आहे. नेमबाजी करतो म्हणून परवाना, आणि नेमबाजी केली नाही तर परवाना कशाला? सरकार गोळ्या मोजतं, मित्रा. लोणी मोजत नाही."

"पण मी तयारी करत होतो."

"कशाची?"

या प्रश्नाला क्लाइव्हजवळ उत्तर होते. अर्ज, तिजोरी, वाळवी, तारीखवार सगळे होते. पण फोनवर ते एकदम फार लहान वाटू लागले.

"चार कमी आहेत," बेव्हन म्हणाला. "सामन्याआधी तीन शनिवार आहेत आणि दोन बुधवार. त्यात भरल्या तर भरल्या. नाहीतर परवानाही नाही आणि चौथी जागाही नाही. नोलाला मी अजून काही बोललेलो नाही."

ते शेवटचे वाक्य त्याने उगाच म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह दुकानात गेला. निदान नवे पिस्तूल तरी हाती आहे, ही आशा होती. दुकानदाराने मखमलीची पेटी उघडली. अक्रोडाची मूठ तेल लावून अशी चकाकत होती की क्लाइव्हला तिला हात लावायचा संकोच वाटला. त्याने हात लावला. मग बोटे आत सरकवली. मग आणखी सरकवली. थोरल्या भावाच्या बुटात धाकट्याचा पाय जावा, तसा हात आत जाऊन इकडेतिकडे फिरू लागला.

दुकानदाराने मापाचा कागद काढला. "माप तर तुमचंच आहे. सही आहे. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत दिलंय." त्याने एकदा क्लाइव्हच्या हाताकडे आणि एकदा कागदाकडे पाहिले. "हात बारीक झाला का तुमचा?"

एकतीस वर्षे दुसऱ्यांची खोटी मापे पकडणारा माणूस त्या काउंटरपाशी उभा होता. सुजलेल्या हाताचे अचूक माप. खात्यात कुणी असे केले असते तर क्लाइव्हने त्याला स्वतः दंड केला असता.

"मूठ नवी करून येईल," दुकानदार म्हणाला. "आठ आठवडे धरा."

सामन्याला साडेतीन आठवडे होते.

त्या शनिवारी क्लाइव्हने क्लबाच्या कपाटातून तीन नंबरचे पिस्तूल घेतले, कारण उरलेले तेच होते. मैदानाच्या वहीत सही केली. साडेतीन महिन्यांनी हात वर उचलला, तर समोरचे टोक एखाद्या माशीमागे लागल्यासारखे फिरत होते. अडुसष्ट. बेव्हनने आकडा लिहिला आणि वही मिटली. 

नोला मागच्या बाकावर लोकरीची शाल गुंडाळून बसली होती. डोळ्यांमुळे तिने गाडी चालवणे सोडले होते. तिची ने-आण आता क्लाइव्हकडे होती.

"किती?" तिने विचारले.

खोटे सांगावे असे क्लाइव्हच्या मनात येऊन गेले. "अडुसष्ट."

"पट्टी सैल झालीय का रे मुठीची?"

"नाही. पट्टी ठीक आहे."

"बरं," नोला म्हणाली.

बुधवारी सकाळी तो तिला न्यायला जरा लवकरच पोचला. जून म्हणजे तिकडे ऐन हिवाळा, गवतावर दव गोठून पांढरे झाले होते. नोलाचे दार उघडे होते. वाऱ्याने आपटून आपले आपण कुलूपबंद होऊ नये म्हणून उंबऱ्याशी एक जुनी लोखंडी इस्त्री अडकवलेली. आणि पडवीत, जाड झगा आणि पायांत गरम सपाता घालून नोला उभी होती. डावा हात झग्याच्या खिशात. उजवा हात सरळ समोर, आणि त्या हातात तशीच दुसरी लोखंडी इस्त्री. टोक खांबावरच्या एका खिळ्याकडे. ओठ काहीतरी पुटपुटत होते. कठड्यावर चहाच्या पेल्यातून वाफ निघत होती.

क्लाइव्ह फाटकाशीच थांबला. देवघरात कुणी बसले असेल तर आपण चपला वाजवत नाही, तसे काहीसे त्याला वाटले.

थोड्या वेळाने तिने इस्त्री हळूच खाली ठेवली आणि चहा उचलला. "ये. आलास ते ऐकलं मी. दिसणं कमी झालं की फाटकं मोठ्याने वाजायला लागतात."

"हे काय करता?"

"तीस श्वास मोजते."

"रोज?"

"चहा निवेपर्यंत. क्लबाचं पिस्तूल काही घरी आणता येत नाही. इस्त्रीचं वजन साधारण तेवढंच भरतं."

"कधीपासून?"

नोलाने आठवून पाहिले. "नवरा गेला माझा, हॅरल्ड, त्याच्या पुढच्या वर्षी क्लबात आले मी. तेव्हापासून. म्हणजे झाली की सव्वीस वर्षं."

"एकही दिवस चुकला नाही?"

"खुब्याचा सांधा बदलला तेव्हा चार दिवस. नर्सने इस्त्री आणू दिली नाही. मग पाण्याची सुरई धरली."

क्लाइव्हने सव्वीस वर्षांचे दिवस मनात मोजायला घेतले आणि निम्म्यावर सोडून दिले.

"कंटाळा नाही येत?"

"येतो की. कधी कधी फार येतो." ती चहा प्याली. "पहिले सहा महिने इस्त्री अशी हलायची की मी हॅरल्डच्या आईलाच नावं ठेवायची, कारण ती तिची होती. म्हटलं, म्हातारीने वेडीवाकडी इस्त्री घेऊन ठेवलीय. मग हळूहळू कळलं."

काय कळले ते तिने सांगितले नाही आणि क्लाइव्हने विचारले नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉरीन स्वयंपाकघरात आली, तर नवरा विजेची इस्त्री समोर धरून फ्रिजवरच्या चुंबकाकडे रोखून उभा. वायर मागे लोंबत होती. मॉरीनने ते दृश्य थोडा वेळ पाहिले. वाळवीचे तीन महिने पाहिलेली बाई ती. तिला आता कशाचे नवल उरले नव्हते.

"किती वेळ चालणार?"

"तीस श्वास. आता अठरा झाले. बोलू नकोस."

"बोलत नाही. पण हातात आहेच, तर बारा अभ्रे आहेत. वायर भिंतीत घाल म्हणजे झालं."

तेव्हा असे ठरले की आधी तीस श्वास, मग अभ्रे. पहिल्या आठवड्यात इस्त्री एवढी थरथरे की चुंबकावरचा कांगारू उड्या मारतोय असे वाटे. नवव्या दिवशी एकवीस ते चोवीस या चार श्वासांत ती थांबली. म्हणजे क्लाइव्हला तसे वाटले. मोजायला काही साधन नव्हते, आणि आश्चर्य म्हणजे त्याने ते शोधलेही नाही.

हजेऱ्या भरल्या. अडुसष्टचे बहात्तर झाले, मग सत्त्याहत्तर, मग ऐंशी. म्हणजे गाडी फेब्रुवारीत होती तिथे जूनच्या अखेरीस परत येऊन उभी राहिली, हे क्लाइव्हला स्वच्छ दिसत होते. तीन आठवड्यांत सव्वीस वर्षे होत नाहीत. हे गणित वजनमापे खात्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

सामन्याच्या दिवशी थंडी होती. लोणी लावायला कुणी नसल्यामुळे फाउस्तोला बोलावले होते, आणि तो पावावर सिमेंट थापावे तसे लोणी थापत होता. कूलाबराची माणसे आपापल्या चकचकीत पेट्या घेऊन आली. क्लाइव्हने त्या पेट्यांकडे पाहिले, आणि मग तीन नंबरच्या काळ्या चिकटपट्टीकडे. सर्वांत शेवटची पाळी त्याची होती. बेव्हनने कानाशी येऊन सांगितले की जिंकायला शहाऐंशी हवेत. आयुष्यात क्लाइव्हचे सर्वांत जास्त चौऱ्याऐंशी होते.

नोला मागे बाकावर बसली होती. तिला काही दिसणार नव्हते, तरी ती समोरच पाहत होती.

आठ गोळ्या फार चांगल्या गेल्या. नवव्या वेळी हात स्थिर झाला, श्वास थांबला, आणि नेमके तेव्हाच क्लाइव्हला मनात किटली दिसली. क्लबाच्या कपाटात, मधल्या फळीवर, शेजारी नोला उभी. गोळी सुटली. सात गुण.

दहावी नऊ. एकूण पंच्याऐंशी. आयुष्यातले सर्वांत जास्त, आणि हवे होते त्यापेक्षा एक कमी.

किटली कूलाबराच्या गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून गेली. लोकांनी क्लाइव्हच्या पाठीवर थाप मारली. बेव्हन म्हणाला, "क्लाइव्हचे पंच्याऐंशी," आणि या वेळी नावापुढे प्रश्नचिन्ह नव्हते. पण नोलाला घरी सोडताना क्लाइव्ह रस्त्यावरून नजर काढेना. ती उतरताना म्हणाली, "दमलास. जाऊन झोप." बस्स.

तो झोपला नाही. त्याने सकाळी मॉरीनला सांगितले की दुकानदाराला ते पिस्तूल दुसऱ्या कुणाला विकायला सांगतो. मॉरीन हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तिने आईचा कशिद्याचा टेबलक्लॉथ घडी करून रिकाम्या तिजोरीत ठेवला आणि किल्ली फिरवली. "वाळवी काही लोखंड खात नाही," ती म्हणाली. साऱ्या जिल्ह्यात त्या टेबलक्लॉथइतका बंदोबस्त कुणालाच नव्हता.

क्लाइव्ह नोलाची माफी मागायला निघाला. चर्चची घंटा व्हायच्या आत, चहाच्या वेळेला. नववी गोळी का चुकली ते तो तिला सरळ सांगणार होता.

नोला पडवीत उभी होती. झगा, सपाता, डावा हात खिशात. इस्त्री समोर.

तो फाटकाशी थांबला. आणि तीन आठवड्यांपूर्वीच पडायला हवा होता तो प्रश्न त्याला तेव्हा पडला.

तिने इस्त्री खाली ठेवल्यावर तो पायरीवर आला. "नोला, तुम्ही तर फेब्रुवारीतच सोडलंत. मग हे कशासाठी?"

"अरे, सामना सोडला. सकाळ कुठे सोडली?"

"खिळा दिसतो का तुम्हाला?"

"मधे धरला की नाही दिसत." तिने खांबाकडे मान वळवली. "पण आहे ना तो तिथे. मी ठोकलाय."

क्लाइव्हने माफीचे वाक्य घरून नीट बांधून आणले होते. ते त्याने मनात दोनदा उचलून पाहिले, आणि मग खाली ठेवले.

"आज माझे तीस राहिलेत," तो म्हणाला. "घरून तसाच निघालो."

"मग घे की. ती दुसरी आहे बघ."

क्लाइव्हने वाकून उंबऱ्याशी अडकवलेली इस्त्री उचलली. विजेच्या इस्त्रीपेक्षा ती बरीच जड होती. तो खांबासमोर उभा राहिला, डावा हात खिशात घातला, उजवा वर उचलला, आणि मागे वाऱ्याने दार हळूच फिरले, आणि खट् असा आवाज आला.

दाराला आपोआप कुलूप लागले होते.

"किल्ली?" क्लाइव्हने विचारले.

"आत. टेबलावर."

दूर चर्चची पहिली घंटा झाली. नोला झग्यात आणि सपातांत होती. फुले स्वयंपाकघरात पाण्याच्या बादलीत होती. क्लाइव्ह इस्त्री खाली ठेवू लागला.

"हात खाली घेऊ नकोस," नोला कठड्याला टेकत म्हणाली, आणि तिने निवत आलेला चहा उचलला. "दार कुठे जात नाही. आधी तीस होऊ देत."

क्लाइव्हने श्वास घेतला. इस्त्री हलत होती.

"एक," नोला म्हणाली.